दोन बोटं जागा

गाडीत घातलेल्या नव्या इंजिनावर बॉनेट बंद होत नाही हे कळलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

मी एका कोपऱ्यावर हात ठेवून दाबत होते, धाकटा भाऊ दुसऱ्या. कुलूप लागल्याचा खट्ट आवाज यायला हवा होता. त्याऐवजी मधोमध कुठेतरी धातूवर धातू टेकल्याचा बद्द आवाज आला. "ताई, दाबू नकोस, पोचा येईल," तो म्हणाला. मग लहान मुलं खेळतात ती चिकणमाती आणली. गोट्यांएवढे गोळे करून इंजिनाच्या डोक्यावर, हवा आत नेणाऱ्या नळीवर आणि तेल भरायच्या झाकणावर ठेवले. वर पातळ प्लास्टिक पसरलं, बॉनेट अलगद टेकवलं आणि पुन्हा उघडलं. गोळ्यांच्या चकत्या झाल्या होत्या. एकेक उचलून जाडी मोजली. कुठे 18 मिलिमीटर, कुठे 6. तेलाच्या झाकणावरची माती मात्र पार बाजूला पळाली होती आणि प्लास्टिकवर झाकणाचा गोल ठसा उमटला होता.

एका जुन्या फिटरने मला सांगितलं होतं, "इंजिन आणि दुसरं काहीही, मध्ये दोन बोटं जागा ठेवायची." इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. ॲक्सिलरेटर दाबला की ते जागच्या जागी पिळवटतं, एका अंगाला झुकतं. उभ्या गाडीत नुसतं सुटं दिसतंय यावर विश्वास ठेवायचा नाही. माझ्याकडे दोन बोटं सोडाच, एक नखही नव्हतं. दुसऱ्या दिवशी इंजिन पुन्हा बाहेर. ती सातवी वेळ होती.

हे सगळं कशासाठी, असा प्रश्न तोवर घरातल्या प्रत्येकाने विचारून झाला होता. खरं सांगायचं तर गाडीच्या जुन्या इंजिनात काहीही बिघडलेलं नव्हतं. धूर नाही, खडखड नाही, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन व्यवस्थित. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला निदान कारण असावं. माझं कारण एवढंच होतं की चढावर एखाद्या गाडीला मागे टाकताना दरवेळी गिअर खाली आणावा लागायचा आणि मला त्याचा कंटाळा आला होता. एवढ्या कारणासाठी लोक दुसरी गाडी घेतात. मी आहे त्याच गाडीचं पोट फाडायला घेतलं.

गाडी म्हणजे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-5. 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोन माणसांपुरती जागा, कापडी छप्पर, डोळे उघडल्यासारखे वर येणारे दिवे, वजन 1000 किलोच्या आत. पुढे 1597 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद 115 अश्वशक्तीच्या आसपास. आकडे वाचून कोणी भाळणार नाही. पण इंजिन पुढच्या चाकांच्या रेषेच्या बरंच मागे ढकललेलं आहे, त्यामुळे पुढचं आणि मागचं वजन जवळजवळ सारखं. वळणावर ती ज्या सहजतेने वळते त्याचं मर्म यात आहे.

त्या जागी बसवायचं ठरवलं होंडाच्या के मालिकेतलं 2.4 लिटरचं, 2354 सीसीचं इंजिन. अकॉर्ड गाडीमधून निघालेलं, सुमारे 160 अश्वशक्तीचं. त्याचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, माझ्या जुन्याचा बिडाचा. म्हणून आकारमानाने दीडपट इंजिन घालूनही पुढच्या चाकांवरचं वजन फारसं वाढत नाही. इथेच मी फसले. वजन जमलं की सगळं जमलं असं मला वाटलं होतं.

शुद्धतावादी मंडळी म्हणतात, एका कंपनीच्या गाडीत दुसऱ्या कंपनीचं इंजिन म्हणजे भ्रष्टाचार. मला यातलं सोवळं कधी पटलं नाही. एमएक्स-5 चं मूळ इंजिनसुद्धा तिच्यासाठी जन्माला आलेलं नव्हतं. ते घराणं माझदाच्याच 323 या साध्या कौटुंबिक गाडीतलं. तिथे ते आडवं बसायचं आणि पुढची चाकं फिरवायचं. अभियंत्यांनी ते उभं फिरवलं, थोडं तालीमबाज केलं आणि मागची चाकं फिरवायला लावलं. आता मी होंडाचं आडवं इंजिन उभं करणार होते. म्हणजे मी फक्त आधीच्याच लोकांची वाट धरली होती, त्यांच्याकडची अक्कल नसताना.

आणि या वाटेवरून बडे बडे लोक गेलेले आहेत. 1962 मध्ये अमेरिकन शर्यतपटू कॅरोल शेल्बीने इंग्लंडच्या एसी एस या नाजूक गाडीत फोर्डचं व्ही-8, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडर असलेलं इंजिन, घातलं, त्यातून कोब्रा झाली. दोन वर्षांनी सनबीम अल्पाइनच्या पोटात तसंच व्ही-8 कोंबून टायगर निघाली. कोंबून हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. मागच्या एका स्पार्क प्लगपर्यंत वरून हातच पोचत नव्हता, म्हणून आतल्या भिंतीच्या पत्र्याला भोक पाडून त्यात बूच बसवलं. प्लग बदलायचा तर गाडीत बसायच्या जागेतून, बूच काढून, पाना आत घालायचा. कारखान्यातून निघालेली गाडी, बरं का! माझ्या शेडमधली गोष्ट नाही ही.

पण माझी सगळ्यात लाडकी गोष्ट एमजीबी या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीची. तिचं मूळचं 1.8 लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन बिडाचं होतं. केन कॉस्टेलो नावाच्या शर्यतपटूने स्वतःच्या हिकमतीवर तिच्यात रोव्हरचं 3.5 लिटरचं व्ही-8 बसवलं. ते ॲल्युमिनियमचं, मुळात अमेरिकेतल्या ब्युइकचं, त्यामुळे जवळपास चार सिलिंडरवाल्याइतक्याच वजनाचं. कंपनीने त्याची गाडी पाहिली आणि 1973 मध्ये स्वतःची एमजीबी जीटी व्ही-8 बाजारात आणली. घरगुती उद्योग आधी, कारखाना मागून.

यातून एक गोष्ट लक्षात येते, ती मला फार उशिरा कळली. इंजिन किती सीसीचं आहे याला फिटिंगमध्ये काडीची किंमत नाही. ते बाहेरून केवढं आहे, कुठे फुगलंय, त्याचं खालचं तेलाचं चेंबर कुठे खोल आहे, नळ्यांची तोंडं कुठे आहेत, हे खरं. जनरल मोटर्सचं 1997 साली आलेलं एलएस-1 हे 5.7 लिटरचं व्ही-8 जगभर लोक वाट्टेल त्या गाडीत घालतात, कारण त्याचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, खाली ब्लॉकच्या आत आहे. डोकी लहान राहतात, इंजिन अरुंद होतं. उलट त्याच्याहून कमी लिटरची, पण प्रत्येक डोक्यावर दोन-दोन कॅमशाफ्ट असलेली व्ही-8 इंजिनं रुंदीला इतकी की मधल्या जागेत शिरतच नाहीत.

जुनं इंजिन एका दिवसात उतरलं. तोडायला अक्कल लागत नाही. एमएक्स-5 मध्ये गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा डबा, यांना जोडणारी ॲल्युमिनियमची एक लांब जाळीदार तुळई असते. गिअरबॉक्सला वेगळा आधार नाही, तो तिच्याच जिवावर लटकलेला. ती सोडताच मागचं डिफरन्शियल नाक खाली घालून बसलं. मी गाडीखाली झोपले होते. गाडी स्टँडवर होती, नुसत्या जॅकवर नव्हती, हे आवर्जून लिहिते, कारण नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाणं हा मूर्खपणा आहे. मग गिअरबॉक्सची ताकद मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट ओढला आणि गिअरबॉक्सच्या शेपटातून तेलाची धार थेट माझ्या कानात. तिथे आधीच पिशवी बांधायची असते. आता ठाऊक आहे.

इंजिन क्रेनला लटकून वर आलं, तेव्हा भाऊ काहीतरी विनोद करणार होता, पण केला नाही. रिकाम्या जागेत आम्ही दोघं वाकून पाहत राहिलो. तिथे खाली स्टिअरिंगचा रॅक दिसत होता, मागे भिंतीवर ब्रेकच्या नळ्या, आणि माउंटिंगच्या दोन जागा. प्रत्येक वस्तू त्या इंजिनाला अंग चोरून वाट देत होती. हे त्या क्षणी मला नुसतं सुंदर वाटलं. पुढे वर्षभर तेच माझ्या डोक्याला ताप होणार होतं.

नवं इंजिन आलं तेव्हा त्याच्या वायरी विकणाऱ्याने मुळापासून कापल्या होत्या. एकेका सेन्सरला दोन-दोन इंचांची शेंडी शिल्लक. भाऊ ते पाहून खूश झाला, म्हणाला, "बरं झालं, दुसऱ्याची घाण निस्तरण्यापेक्षा कोरी पाटी बरी." वायरिंग त्याच्याकडे आणि लोखंड माझ्याकडे, अशी वाटणी झाली.

लोखंडात पहिलं घोडं अडलं ते ऑइल चेंबरपाशी. इंजिनाखालून गाडीची एक आडवी पोलादी तुळई जाते, आणि नव्या चेंबरचं पोट नेमकं तिच्यावर. तुळई कापायची नाही, कारण पुढची चाकं तिच्यावर आहेत. म्हणून चेंबर कापलं. उथळ केलं आणि गेलेली जागा बाजूला पोट काढून भरून काढली. तेल कमी पडलं तर इंजिन जाईल. तेल पुरेसं असूनही वळणावर एका बाजूला पळालं आणि पंपाच्या तोंडाशी हवा आली, तरी जाईल. त्यासाठी आत पत्र्याचे आडोसे घातले. वेल्डिंग मी स्वतः केलं आणि माझ्या मते फार देखणं केलं. मग चेंबर कोऱ्या कागदावर ठेवून त्यात रॉकेल ओतलं आणि रात्रभर सोडलं. रॉकेल तेलापेक्षा पातळ, सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी शोधून काढतं. सकाळी कागदावर रुपयाएवढे तीन डाग. घासून पुन्हा जोडलं, पुन्हा रॉकेल. चौथ्या रात्रीनंतर कागद कोरा राहिला. तो कागद मी जपून ठेवलाय.

एग्झॉस्टच्या नळ्यांना आणि स्टिअरिंगच्या दांड्याला नेमकी एकच जागा हवी होती. पाण्याच्या नळ्यांची तोंडं आडव्या इंजिनाच्या हिशेबाने असल्यामुळे भलतीकडे वळलेली. माउंटिंगचे नमुने मी आधी पुठ्ठ्याचे कापायचे, मग लाकडाचे, मग पत्र्याचे, आणि प्रत्येक नमुन्यासाठी इंजिन आत, बाहेर, आत. बाहेरच्याला वाटेल हे कष्टाचं काम आहे. तसं ते फारसं नाही. हे बघत बसण्याचं काम आहे. एक हात टॉर्चवर, दुसऱ्या हाताची दोन बोटं फटीत, आणि मान अशा कोनात की दुसऱ्या दिवशी ती वळत नाही.

आणि मग एका रात्री मी मूळ गाडीचे तपशील वाचत बसले असताना माझी झोप उडाली. माझदाने स्वतः 1993 मध्ये या गाडीत 1600 च्या जागी 1800 सीसीचं इंजिन घातलं. फक्त 240 सीसीच्या आसपास वाढ. पण त्याबरोबर डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चक्र 6 इंचांवरून 7 इंचांचं केलं, ब्रेकच्या डिस्क मोठ्या केल्या, अंगाला जादा आधारपट्ट्या दिल्या. ज्यांनी गाडी बनवली त्यांना 240 सीसीसाठी एवढं करावं लागलं. मी 757 सीसी वाढवत होते आणि माझ्या यादीत डिफरन्शियलचं नावही नव्हतं. जुन्या इंजिनाचा पीळ (टॉर्क) सुमारे 136 न्यूटन-मीटर, नव्याचा 220 च्या घरात. तो सगळा पीळ त्या 6 इंचांच्या चक्रावरून जाणार होता.

म्हणून मग 1800 च्या गाडीचं 7 इंचांवालं डिफरन्शियल आलं. त्याला जुने ॲक्सल शाफ्ट बसत नाहीत, म्हणून ते आले. प्रोपेलर शाफ्टही बसत नाही, म्हणून तोही. मग ब्रेक. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. पाच गिअरचा जुना गिअरबॉक्स तेवढा ठेवला, मध्ये जोडपट्टी घालून. त्याच्याशी मी आजही गोडीने वागते.

लोक म्हणतात, तू गाडीचं हृदय बदललंस. मला ही उपमा अजिबात मान्य नाही. माझ्या गाडीत छातीच वेगळ्या मापाची निघाली आणि मग फासळ्या, नसा, गुडघे, सगळं एकेक करून बदलावं लागलं. इंजिन हे निमित्त. गाडीतला प्रत्येक भाग दुसऱ्या कुठल्या तरी भागाशी काहीतरी ठरवून बसलेला असतो. तू एवढी ताकद दे, मी एवढीच सोसेन. तू इथे फुगू नकोस, मी तिथे वळते. हे करार कुठे लिहिलेले नसतात. एक मोडला की बाकीचे आपण होऊन समोर येतात.

सुरू करण्याचा दिवस. स्पार्क प्लग काढून ठेवले, म्हणजे इंजिन हलकं फिरेल, आणि तेलाचा दाब काट्यावर दिसेपर्यंत नुसतं स्टार्टरवर फिरवायचं ठरलं. भाऊ चावीवर, मी बॉनेटपाशी. त्याने चावी फिरवली. स्टार्टर म्हाताऱ्यासारखा कण्हला. पुन्हा फिरवली. पुन्हा कण्हणं, आणि प्लास्टिक जळाल्याचा वास. मी वायरी पाहतेय, सगळ्या थंड. मग लक्ष गेलं ॲक्सिलरेटरच्या केबलकडे. विजेशी जिचा काडीचाही संबंध नाही अशी ती केबल धुमसत होती! तिचं काळं आवरण मऊ होऊन चकाकत होतं. "थांब!" मी ओरडले.

दोघंही जमिनीवर बसून विचार करू लागलो आणि एकाच वेळी उमगलं. इंजिन रबरी माउंटिंगवर आहे, रबरातून वीज जात नाही, म्हणून इंजिन आणि गाडीचं अंग यांना जोडणारी अर्थिंगची जाड पट्टी लागते. ती पट्टी टेबलावर होती. स्वच्छ पुसून, दोन नव्या बोल्टांसकट, मीच ठेवलेली. स्टार्टरला लागणारा सगळा प्रवाह परतीची वाट शोधत त्या बिचाऱ्या केबलच्या पोलादी तारेतून जात होता. भाऊ काही बोलला नाही. पट्टी उचलून त्याने माझ्या हातात दिली, एवढंच. वायरिंग त्याच्याकडे होतं, पण पट्टी लोखंडाची म्हणून ती माझ्याकडे, असा त्याचा युक्तिवाद. तो वाद अजून मिटलेला नाही.

नवी केबल आली, पट्टी बसली, दाब आला, प्लग लावले. इंजिन चार सेकंद चाललं आणि बंद पडलं. मग पुन्हा सुरू झालं आणि चालू राहिलं. एग्झॉस्टला सायलेन्सर अजून नव्हता, त्यामुळे आवाजाबद्दल काही बोलत नाही. भाऊ कानावर हात ठेवून हसत होता.

पहिल्या फेरीत 80 च्या वर वेग गेला की सीटखाली थरथर सुरू व्हायची. मी चाकांचा तोल पाहिला, टायर बदलून पाहिले, नव्या शाफ्टवर संशय घेतला. दोष निघाला त्या लांब तुळईत. परत बसवताना गाडीच्या तळापासून तिचं अंतर मोजून बसवायचं असतं, नाहीतर प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांचे कोन जुळत नाहीत. शाफ्टच्या सांध्याचा स्वभाव असा की तो वाकलेला असताना एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा सांधा तितक्याच कोनात असला तर ही चूक तो निस्तरतो. नसला तर थरथर. मी तुळई अंदाजाने कसली होती. काही मिलिमीटरचं काम, पण एक शनिवार गेला.

आता गाडी कशी आहे? वेगवान आहे. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की ती निघते, मागे वळून पाहायला लावत नाही. जे हवं होतं ते मिळालं. पण जुनी गाडी मिनिटाला 7000 फेऱ्यांपर्यंत ताणली की जीव तोडून पळायची, आणि मी तिच्यातलं होतं नव्हतं ते सगळं वापरायचे. आता बरंचसं शिल्लक राहतं. रस्त्यावर ते कधी बाहेर काढता येत नाही. कोणी विचारलं, पुन्हा करशील का, तर मी हो म्हणेन. कोणी विचारलं, मीही करू का, तर आधी त्याला चिकणमाती घ्यायला सांगेन, आणि नोंदणीचे नियम वाचायला.

चार महिन्यांत होणारं काम एकोणीस महिने चाललं. बॉनेटखाली शेवटी एक बोट जागा मिळाली. माझं नाही, भावाचं. त्याची बोटं बारीक आहेत.

जुनं इंजिन शेडच्या कोपऱ्यात स्टँडवर आहे, अंगावर जुनी चादर. भाऊ दर दोन-तीन महिन्यांनी म्हणतो, "ताई, विकून टाक ना, चांगल्या स्थितीत आहे तोवर." मी बघू म्हणते. महिन्यातून एकदा चादर काढते, चारही प्लग सोडते, प्रत्येक भोकात तेलाचे चार थेंब टाकते आणि क्रँकच्या बोल्टला मोठा पाना लावून ते त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवते. दोन पूर्ण फेरे, कारण चारही सिलिंडरचं एक आवर्तन पुरं व्हायला दोन लागतात. भोकांतून हवा आत-बाहेर होते, हलकासा सुस्कारा ऐकू येतो. परवा तिसऱ्या भोकातून तेलाचा एक थेंब उडून चष्म्यावर बसला. मी तो पदराने पुसला, प्लग लावले आणि चादर ओढली.